येते म्हणाली

करुणा गमरेची पोरगी ढाक्याला डॉक्टरकी शिकते, हे रत्नागिरीच्या एसटी डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं आणि निम्म्यांना ते सलत होतं. आई कंडक्टर, बाप मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कोळंबीचे खोके उचलणारा, राहायला बौद्धवाडीत, आणि पोरगी विमानात बसून जाते म्हणजे चाललंय काय. त्यामुळे त्या जुलैत ढाक्यातली पोरं रस्त्यावर उतरली आणि टीव्हीवर ‘आरक्षणावरून बांगलादेश पेटला’ अशी लाल पट्टी पळायला लागली, तेव्हा कंट्रोलर दीपेशला दुपारचा डबा जरा जास्तच गोड लागला.

“काय करुणाताई,” ड्युटी लावता लावता तो म्हणाला, “तिकडची पोरं शहाणी निघाली. आरक्षण नको म्हणून मरायला तयार आहेत. तुमची स्वप्ना कुठल्या बाजूने दगड मारते?”

“तिच्या हातात सुई असते, दीपेशभाऊ. दगड मारायला रिकामे हात लागतात. तुमच्यासारखे.”

आजूबाजूचे ड्रायव्हर हसले. दीपेशनेही हसल्यासारखं केलं आणि तिला राजापूरची गाडी लावली. राजापूरची गाडी म्हणजे शिक्षाच. हायवे रुंद करायचं काम इतकी वर्षं चाललंय की पहिला खड्डा खणणाऱ्याची पोरं आता त्याच खड्ड्यात गाडी आपटत कॉलेजला जातात.

तिने उत्तर दिलं खरं, पण शब्द पोटात राहिला. संध्याकाळी तिने पोरीलाच विचारलं, तुमच्याकडे हे आरक्षणाचं काय गो? स्वप्नाने सांगितलं की शब्द तोच आहे, बाकी काही तेच नाही. आपल्याकडे ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांच्यासाठी जागा राखल्या. इथे देशासाठी लढलेल्यांच्या नातवंडांसाठी राखल्यात, आणि पोरं म्हणतात की त्या नावाखाली सत्तेतल्यांचीच वर्णी लागते. हे दीपेशला जाऊन सांगावं असं करुणाला वाटलं. मग वाटलं, कशाला. त्याला समजून घ्यायचंच नाहीये. त्याला ढाक्याशीही काही देणंघेणं नाही. टीव्हीलाही नव्हतं. टीव्हीला ढाक्याच्या नावाने इथल्यांना शिव्या घालायच्या होत्या, त्या तो घालत होता, आणि मध्ये मध्ये साबणाच्या जाहिराती दाखवत होता.

तिने पोरीला बजावलं, तू परकी आहेस, दुसऱ्याच्या घरच्या भांडणात पडू नकोस, हॉस्टेलच्या बाहेर पाय ठेवू नकोस. स्वप्ना म्हणाली, हॉस्टेल आणि हॉस्पिटलच्या मध्ये एक अंगण आहे, त्यात बाहेर कुठलं आणि आत कुठलं. रात्रंदिवस पोरं आणतात. कुणाच्या पाठीत छर्रे, कुणाच्या डोळ्यात. तिसऱ्या वर्षाच्या मुलींना कुणी ऑपरेशनचं हत्यार हातात देत नाही, पण कापूस धरायला माणूस लागतोच. करुणा पुन्हा तेच सांगायला लागली, तेव्हा पोरीने तिला अर्ध्यावर तोडलं.

“आई, तू संपाला बसलीस तेव्हा मी म्हटलं होतं का, उठ म्हणून?”

एसटीचा तो मोठा संप झाला त्या हिवाळ्यात ती डेपोच्या गेटासमोर ताडपत्रीखाली महिनोन् महिने बसली होती. निलंबनाचा कागद घरी आला तरी उठली नव्हती. स्वप्ना तेव्हा भाकरीचा डबा घेऊन यायची, आईच्या शेजारी बसून अभ्यास करायची, आणि घोषणा सुरू झाल्या की वही मिटून सगळ्यांच्या वरताण ओरडायची. त्याच ताडपत्रीखाली तिने ढाक्याचा प्रवेश झाल्याचं सांगितलं होतं. तिथे बायकांनी गूळ वाटला होता. आता त्याच आईने ‘तू यात पडू नकोस’ म्हणायचं, तर कुठल्या तोंडाने.

त्यानंतर तिकडचं नेट बंद झालं. मेसेजपुढे एकच बरोबरची खूण दिसायची, दुसरी येईना. फोन लावला की एक बाई बंगालीत काहीतरी गोड आवाजात सांगायची आणि लाइन मरायची. करुणा ड्युटीवर असताना प्रत्येक थांब्यावर फोन लावून बघायची. हातखंब्याला, पालीला, लांज्याला. घरी नवरा, महेंद्र, टीव्हीसमोर रिमोट धरून बसलेला असायचा. तो बोलका माणूस नव्हता. एका चॅनलवर गोळीबार, दुसऱ्यावर तोच गोळीबार, तिसऱ्यावर त्याच गोळीबारावर चौघे जण भांडताहेत. तो पडद्याजवळ जाऊन गर्दीतली तोंडं बघायचा. कॉलेजची बिल्डिंग दिसते का बघायचा. एकदा त्याला ती दिसल्यासारखी वाटली आणि त्याने करुणाला हाक मारली, तोवर तिथे बनियनची जाहिरात आली होती.

आषाढी पौर्णिमेला करुणाची सुट्टी होती. त्या दिवशी वाडीच्या विहारात वर्षावास सुरू होतो, पुढे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं, आणि पहिल्या दिवशीची खीर गमऱ्यांच्या घरची असते. ती पातेल्यात डाव फिरवत होती आणि फोन वाजला. नंबर तिकडचा होता, पण ओळखीचा नव्हता.

“आई, ऐकू येतंय? एका सिस्टरचा फोन आहे, पटकन बोलते. आपली इंडियन मुलं निघाली, आगरतळ्याला. गाडी खाली लागलीय. दिशा पण निघाली.”

“आणि तू?”

खरखर झाली. मागे कुणीतरी बंगालीत मोठमोठ्याने हाका मारत होतं.

“आई, आवाज जातोय. मी बरी आहे. येते मी. येते, आई.”

आणि फोन कटला.

करुणाने डाव खाली टाकला आणि महेंद्रला हाक मारली. येते म्हणाली, ती म्हणाली, पोरगी येते म्हणाली. महेंद्र मोरीत गेला आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला.

आता इथे एक सांगितलं पाहिजे. करुणाच्या आजेसासऱ्यांनी धर्मांतराच्या वेळी घरातले देव खाडीत सोडले. त्या घरात अमावस्या कुणी मानत नाही, मांजर आडवं गेलं म्हणून कुणी थांबत नाही. सगळं सोडलं, पण घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ही एक भीती मात्र चुलीच्या राखेसारखी चिकटून राहिली. स्वप्ना बालवाडीत होती तेव्हा दारातून ‘आई, जाते मी’ म्हणाली म्हणून करुणाने तिच्या गालावर चापट मारली होती. जाते काय म्हणतेस, येते म्हण. तेव्हापासून पोरगी नाक्यावर जाताना येते, परीक्षेला जाताना येते, विमानात चढताना येते. ढाक्याला गेल्यावर तिने मोठ्या गमतीने सांगितलं होतं की इथले लोकही निघताना ‘आशी’ म्हणतात, म्हणजे येतो. तेही आपल्यासारखेच घाबरट, आई.

म्हणजे ‘येते’ याचा अर्थ ‘येते’ असा होतो आणि ‘जाते’ असाही होतो. आपल्या भाषेत हे दोन्ही एकाच तोंडातून, एकाच सुरात निघतं. करुणाला त्यातला जो हवा होता तो तिने घेतला. गाडी खाली लागलीय, मैत्रीण दिशा निघाली, येते मी. कुठल्याही आईने हाच घेतला असता.

तासाभराने सरकारच्या मदत कक्षातून फोन आला. अडकलेल्या मुलांच्या घरी ते रोज फोन करत होते. तिकडचा आवाज तरुण मुलीचा होता, चांगला होता. मुलीशी बोलणं झालं का, काय म्हणाली, असं तिने विचारलं. करुणा म्हणाली, झालं, आत्ताच झालं, येते म्हणाली, दिशाबरोबर गाडीत आहे. ‘अरे वा, अभिनंदन मॅडम,’ असं ती मुलगी म्हणाली. अभिनंदन म्हणजे तिच्या समोरच्या कॉम्प्युटरमध्ये काय झालं असेल, हे करुणाला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी विहारात वंदना झाली, खीर वाटली, आणि धोंडूकाकांनी माइक हातात घेतला. धोंडूकाका मुंबईला नोकरी करून परत आलेले, वाडीच्या समितीचे अध्यक्ष. माइक दिसला की त्यांना राहवत नसे. आपल्या वाडीची लेक, होऊ घातलेली डॉक्टर, आगीतून सुखरूप परत येते आहे, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या. शेजारच्या सीताने करुणाला पोटाशी धरलं. मागच्या बाजूला सर्वेश नावाचा पोरगा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तो तिथल्या एका पुढाऱ्याचा माणूस. पुढाऱ्याला सगळे भाऊ म्हणत. भाऊ कुणाचे भाऊ आणि का, हे कुणी विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर फ्लेक्स लागला होता. मध्ये भाऊ, हात जोडलेले, दाराएवढे. वर त्यांचे वरचे नेते, ओळीने. खाली कोपऱ्यात पासपोर्टाएवढी स्वप्ना, पांढरा कोट घातलेली, महेंद्रच्या स्टेटसवरून उचललेली. ‘भाऊंच्या अथक प्रयत्नांनी रत्नागिरीच्या कन्या मायदेशी सुखरूप!’ भाऊंनी कसले प्रयत्न केले होते? एक फोनसुद्धा केला नव्हता. पण करुणा त्या सकाळी त्या फ्लेक्सवरही रागावली नाही. पोरगी येत होती ना, मग लावा कुणाचंही थोबाड.

आगरतळ्याहून विमान, विमानातून मुंबई, मुंबईहून मांडवी एक्सप्रेस, असं सर्वेशने कळवलं होतं. पोरींची तिकडची सिम इकडे चालत नसणार, म्हणून फोन नाही, असं करुणाने धरलं. दिशा खरं म्हणजे राजापूरची, पण तिलाही रत्नागिरीलाच उतरवून घेणार होते, कारण भाऊ रत्नागिरीला होते. करुणाने रजा टाकली. घावणे आणि जवळ्याची चटणी डब्यात भरली, पोरी भुकेल्या असतील म्हणून. महेंद्रने इस्त्रीचा शर्ट घातला. स्टेशनवर सर्वेश दोन हार घेऊन उभा होता आणि फोटोग्राफरला कुठून ऊन येतंय ते दाखवत होता, पाऊस पडत असताना.

गाडी थांबली. दिशा उतरली. करुणाने तिच्या खांद्यावरून मागे दाराकडे बघितलं. एक म्हातारा उतरला, एक बाई उतरली, चहावाला चढला. शिट्टी झाली. गाडी हलली.

“स्वप्ना कुठाय गो?”

दिशाने बॅग खाली ठेवली. तिला वाटलं होतं की काकीला सगळं माहीत असणार, स्वप्नाने फोन केला होता ना. तिने तिथेच, हार गळ्यात पडायच्या आधी, अडखळत सांगितलं. स्वप्ना बॅग घेऊन खाली आली होती. बॅग गाडीत ठेवलीही होती. एवढ्यात कॅज्युअल्टीच्या दारातून सिस्टरने हाक मारली, एका वेळी खूप पोरं आणली होती. स्वप्नाने बॅग परत काढून घेतली. सगळ्यांनी ओरडून ओरडून सांगितलं, ही गाडी गेली तर पुढची कधी ते कुणाला माहीत नाही. पोलिसांची जीप पुढे निघाली, तिच्यामागे ड्रायव्हरने गाडी काढली.

“मला पण ‘येते’च म्हणाली, काकी. मला वाटलं दोन मिनिटांत येते. मी जागा धरून ठेवली होती.”

करुणाला तिच्यावर रागावता येईना. दिशाच्या आईने पण तिला तीच चापट मारलेली असणार.

तेवढ्यात सर्वेश मध्ये आला. त्याला एकच पोरगी दिसत होती आणि हातात हार दोन होते. तो थोडा गोंधळला, पण अशी माणसं फार वेळ गोंधळत नाहीत.

“वहिनी, त्या मागनं येतीलच. आत्ता एक फोटो होऊन जाऊ दे, भाऊ थांबलेत.”

दोन्ही हार दिशाच्या गळ्यात पडले. भाऊ आले, मधोमध उभे राहिले. कुणीतरी करुणाला दंडाला धरून चौकटीत ओढलं. फोटोत ती आहे, हातात डबा घेऊन, तोंड उघडं. संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला आणि त्याखाली दोन्ही मुलींची नावं होती. सुखरूप परतलेल्या कु. दिशा आणि कु. स्वप्ना, सोबत भारावलेले पालक.

रात्रीच्या पाळीला जाताना महेंद्रने सायकलला कोयती अडकवली. नाक्यावर थांबून त्याने फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. तो ओला फ्लेक्स सबंध त्याच्याच अंगावर पडला आणि त्याच्या खालून निघताना तो चिखलात घसरला. सकाळी पोरांनी तोच फ्लेक्स जाड तारेने पुन्हा बांधला. महेंद्र उजवा हात गळ्यात बांधून घरी बसला.

करुणाने मदत कक्षाला फोन लावला. तोच चांगला आवाज होता.

“मॅडम, तुमच्या मुलीची नोंद परत आलेल्यांमध्ये आहे.”

“ती आलेली नाय.”

“पण तुम्हीच सांगितलं होतंत ना आम्हाला?”

“मी सांगितलं, येते म्हणाली.”

“हो मॅडम. तेच.”

करुणाने येते म्हणजे काय ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती मुलगी अमराठी नव्हती, तिलाही समजत होतं. घरातून निघताना तीही येतेच म्हणत असणार. पण तिला समजून उपयोग नव्हता, कॉम्प्युटरला समजायला हवं होतं, आणि कॉम्प्युटरमध्ये फक्त दोनच घरं होती, अडकलेले आणि परत आलेले. मधलं घर त्यांनी ठेवलंच नव्हतं. वरिष्ठांना सांगते, ती म्हणाली. वरिष्ठांचा फोन आला नाही. मग आवाज रोज बदलायला लागले, आणि प्रत्येक आवाज नव्याने सांगायचा की तुमची मुलगी आलेली आहे, मॅडम, काळजी करू नका.

डेपोत लोक येऊन विचारायचे, पोरगी कशी आहे, जेवते का नीट, घाबरली असेल. पहिल्यांदा करुणा सगळं सांगायची. सांगून झालं की समोरचा म्हणायचा, पण फोटोत तर. मग तिने सांगणं सोडलं. जेवते, एवढंच म्हणायची. फक्त दीपेशने काही विचारलं नाही. त्याने तिची राजापूरची गाडी काढून शहरातली फेरी लावली. तिने ती परत बदलून मागितली. शहराच्या फेरीत थांबे जवळजवळ असतात, फोन लावायला वेळ मिळत नाही. आणि त्याची दया तिला नको होती, टोमणा परवडला.

म्हणून पोरीचा फोन आला तेव्हा ती राजापूरच्या गाडीतच होती. गाडी कॉलेजच्या पोरांनी आणि बाजारहाट करणाऱ्या बायकांनी गच्च भरलेली. करुणाने मशीन बगलेत मारलं, घंटीची दोरी एकदा ओढली. ड्रायव्हरने भर कातळावर, उघड्या माळातच, गाडी उभी केली. ती खाली उतरली आणि टायरच्या आडोशाला उभी राहिली, पावसात.

स्वप्नाचा आवाज बसलेला होता. घसा म्हाताऱ्या बाईसारखा. तिने सांगितलं की नेट मध्येच येतं आणि जातं. वॉर्डात आता कुणीही शिरतं, खाटाखाटांवर जाऊन नावं विचारतं. इथल्या मुली आपापल्या गावी गेल्या, हॉस्टेलच्या मजल्यावर ती एकटीच आहे. ज्या पोराचा कापूस धरून ती थांबली होती तो तिसऱ्या दिवशी गेला.

“आई, मला यायचंय आता. मी इथल्या आपल्या वकिलातीत फोन केला. ते म्हणतात, तुमचं नाव गेलेल्यांत दाखवतंय. मी सांगितलं, मी इथे आहे, तुमच्याशी बोलतेय. तर म्हणाले, हे घरच्यांकडूनच आलंय.”

करुणाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कोणी सांगितलं गो, आई?”

“मी,” करुणा म्हणाली. “तू येते म्हणालीस ना.”

तिकडून हसल्यासारखा एक बारीक आवाज आला, किंवा रडल्यासारखा. पोरगी काहीतरी म्हणायला लागली आणि लाइन गेली. करुणाने परत लावला. ती गोड बाई बंगालीत बोलली. वरून खिडकीतून एक माणूस ओरडला, ओ ताई, गाडी तुमच्या बापाची काय. तिने मागे वळून बघितलं. त्याने खिडकी ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती आणि महेंद्र एका सरकारी कचेरीत एका टेबलापासून दुसऱ्या टेबलापर्यंत गेले. साहेब वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता तरी आलं असतं. त्याने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, कॉम्प्युटर बघितला, फोटोही बघितला, त्यात करुणा दिसत होतीच. तो म्हणाला की नोंद उलटी फिरवायची तर वर कारण दाखवावं लागतं. मुलगी तिकडे आहे याचा पुरावा इथे बसून मिळणार नाही. पण ती इथे नाही, असा काही पुरावा असेल तर बघता येईल.

“इथे नाय याचा पुरावा?” महेंद्रने विचारलं. सबंध आठवड्यात तो एवढंच बोलला असेल. “नाय त्याचा पुरावा कसा देतात, साहेब?”

साहेबाने विचार केला. मग म्हणाला, तलाठ्याला घरी पाठवतो. पंचनामा करून घेऊ.

पंचनामा वाडीने बघितला होता. वादळात पत्रे उडाले तेव्हा. खाडीत रामा बुडाला तेव्हा. जिवंत पोरीचा पंचनामा वाडीत पहिल्यांदा होत होता.

तलाठी नवीन लागलेला, विशीबाविशीतला, घाटावरचा होता. त्याने दारात चपला काढल्या. पंच म्हणून धोंडूकाका आणि सीता होते. माइकवर बोलल्यापासून धोंडूकाका करुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि महेंद्र बांधलेला हात मांडीवर घेऊन समोर बसला होता. सकाळपासून पट्टी पळत होती, तिथलं सरकार कोसळलं, विमानं बंद, सीमेवर सगळं बंद. तलाठ्याने पट्टीकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे बघितलं. थांबू का, असं त्याला विचारायचं असावं. कुणीच त्याला थांब म्हणालं नाही.

त्याने खोलीच्या उंबऱ्यावरूनच आत नजर टाकली आणि लिहायला घेतलं. करुणाने त्याला अडवलं.

“असं उभ्याने नको. नीट बघा. मागाहून कोणी म्हणायला नको, बघितलंच नाही म्हणून.”

मग तिने स्वतःच दाखवायला सुरुवात केली. ही तिची खोली. ही खाट, वाका, खाली बघा, ट्रंक आहे, त्यात गाद्या आहेत. हे कपाट. तिने कपाट उघडलं, हँगर एका बाजूला सारले, मागची फळी दाखवली. तलाठी मान खाली घालून लिहीत होता, सदर इसम घरी आढळून आली नाही. सीता पदर तोंडात धरून उभी होती. माळा बघितला. मागची पडवी बघितली. लाकडांच्या मागे बघितलं.

मोरीचं दार बाहेरून लावलेलं होतं.

“इथे?” त्याने विचारलं, नुसतं विचारायचं म्हणून.

“कोणी नाय.”

“मग राहू दे, काकू.”

“नाय, बघा.”

ती पुढे झाली. कडीवर हात ठेवला. आणि तिथे ती थांबली. कान दाराला लावून उभी राहिली, आत पाण्याचा आवाज येतो का ऐकत. बाहेर टीव्हीवर कुणीतरी ओरडत होतं, तिने मागे न बघता महेंद्रला आवाज बंद करायला सांगितलं. त्याने केला. तलाठ्याचं पेन थांबलं.

मग तिने कडी काढली. आत बादली होती, तिच्यावर उलटा ठेवलेला मग, दोरीवर वाळत घातलेला टॉवेल.

“लिहा,” ती म्हणाली. “इथे पण नाय.”